पुडीतले अँटिऑक्सिडंट आणि पाळीचा हिशेब

धाराशिव, बार्शी किंवा सोलापुरातल्या एखाद्या मेडिकलमध्ये 'पीसीओडीची पावडर' मागितली, की काउंटरवर दोन-चार कंपन्यांचे डबे येतात. संत्र्याच्या चवीच्या पुड्या, रोज एक पाण्यात ढवळून घ्यायची. डबा उलटा करून मागची बाजू वाचावी. मायो-इनोसिटॉल, एन-ॲसिटिल सिस्टीन, लायकोपीन, ग्रीन टीचा किंवा द्राक्षबियांचा अर्क, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व अशी लांबलचक यादी असते. त्याच डब्यावर इंग्रजीत एक ओळही असते, तिचा अर्थ 'औषधी वापरासाठी नाही'. कंपनीने ती विनयाने छापलेली नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे खाद्यपूरकांवर ती छापावीच लागते. पुडी न्यायला आलेल्या मुलीच्या हातात मात्र डॉक्टरांची चिठ्ठी असते, आणि ती आलेली असते आजारावर औषध न्यायला.

या विसंगतीतच आपला प्रश्न आहे. फळे, बिया, मसाले, चहा यांतले अँटिऑक्सिडंट पाळी सुधारतात का? त्यांनी दिवस राहतात का? गेल्या वीसेक वर्षांत यावर ढिगाने शोधनिबंध निघाले आहेत. त्यांतले काय टिकते आणि काय गळते, हे धाराशिवसारख्या जिल्ह्यात उभे राहून पाहिले, की मुंबई-पुण्याच्या आरोग्य सदरांत न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात.

आधी आजार, ज्याला लोक पीसीओडी आणि डॉक्टर पीसीओएस म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत छापली: पाळी बंद किंवा अनियमित, अंडाशय मोठे आणि आत बारीक बारीक फोड. 'पिशवीवर गाठी आहेत' असे आपल्याकडे आजही सांगितले जाते. खरे म्हणजे त्या गाठी नसतात आणि पिशवीवर तर मुळीच नसतात. अंडाशयातली जी बीजकोशिका दर महिन्याला पक्व होऊन फुटायला हवी, ती अर्ध्या वाटेवर थांबते. अशा थांबलेल्या कोशिकांची रांग सोनोग्राफीत दिसते. निदानासाठी २००३ पासून रॉटरडॅमचे निकष चालतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे जास्त प्रमाण आणि सोनोग्राफीतले हे चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की पीसीओएस. निकष बदलला की आकडाही बदलतो. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयोगटातल्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात रॉटरडॅमच्या मापाने २२.५ टक्के मुली निघाल्या, तर दुसऱ्या, जास्त कडक मापाने १०.७ टक्के. त्यामुळे 'दर पाचातल्या एकीला पीसीओडी' असे वाक्य कुठे वाचले, तर आधी विचारावे, कुठल्या मापाने?

या आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा इन्सुलिन असते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, की शरीर ते जास्त तयार करते. हे जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक बनवायला भाग पाडते, आणि त्या संप्रेरकाला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते. मग चेहऱ्यावर लव, मुरमे, मानेवर काळा पट्टा, चुकलेली पाळी. इन्सुलिनची अडचण आपल्याकडे जाड मुलींपुरतीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ, आतून चरबीदार अशी ही आपली ठेवण. 'पोरगी तर वाळकी आहे, हिला कसला आलाय पीसीओडी' असे म्हणणाऱ्या आत्याबाईंना हा फोटो दाखवण्यासारखा आहे.

अँटिऑक्सिडंट या गोष्टीत शिरतात ते इथे. पेशी ऊर्जा तयार करताना ऑक्सिजनचे काही चंचल, आक्रमक रेणू सुटतात. त्यांना आवर घालणारी यंत्रणा शरीरात असते. ती कमी पडली तर त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. अमेरिकेत फ्रँक गोन्झालेझ यांच्या गटाने पीसीओएस असलेल्या स्त्रियांना ग्लुकोज पाजून त्यांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. साखर पोटात गेल्यावर त्या पेशी हे आक्रमक रेणू जास्त सोडतात, असे आढळले, आणि तेही सडपातळ स्त्रियांतसुद्धा. या रेणूंमुळे दाह वाढतो, दाहाने इन्सुलिनचा निरोप पेशीपर्यंत नीट पोचत नाही, आणि इन्सुलिन आणखी वाढते. चक्र पुरे झाले. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही पीसीओएसच्या रक्तात ताणाच्या खुणा जास्त आणि ग्लुटाथायोन हे शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट कमी दिसले. तर्क सरळ वाटतो: ताण आहे, तर ताण मारणारी वस्तू द्या. पुडी विकणाऱ्याचे सगळे भाषण या एका तर्कावर उभे असते.

आता प्रत्यक्ष प्रयोगांकडे वळू, आणि इथल्या शेतात, दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपासूनच सुरुवात करू.

हळद सगळ्यात लाडकी. तिच्यातल्या कर्क्युमिनचे पीसीओएसवरचे प्रयोग मुख्यतः इराणमध्ये झाले. एकात दिवसाला दीड ग्रॅम कर्क्युमिन बारा आठवडे दिले, तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एक पुरुषी संप्रेरक थोडे उतरले. पण हळदीत कर्क्युमिन असते साधारण ३ टक्के. म्हणजे दीड ग्रॅमसाठी रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल, आणि घरभराच्या भाजीत तर एक लहान चमचा पडते. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही. म्हणून कॅप्सूलवाले मिऱ्यातले पायपरिन घालतात. त्याने शोषण कैक पटींनी वाढते, हे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनीच दाखवले. पण शोषण वाढले की यकृतावरचा भारही वाढतो. अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत सातत्याने येत आहेत. भाजीतल्या हळदीने असे होत नाही. घराघरातल्या अनुभवाचा दाखला देऊन कॅप्सूल विकली जाते, ती लबाडी इथे आहे.

द्राक्षांची गोष्ट याहून मजेची. तुळजापूर, धाराशिव भागात बागा आहेत, त्यामुळे 'द्राक्षात रेझव्हेरॅट्रॉल असते' हे वाक्य इथे अभिमानाने सांगितले जाते. पोलंडमध्ये २०१६ साली ३० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात रेझव्हेरॅट्रॉलने टेस्टोस्टेरॉन २३ टक्क्यांनी उतरले, हेही खरे. पण मात्रा होती रोज १५०० मिलिग्रॅम. रेड वाइनमध्ये तो पदार्थ त्यातल्या त्यात बरा मिळतो. लिटरला ५ मिलिग्रॅम धरले तरी ३०० लिटर लागतील, रोज! थॉमसन किंवा माणिक चमनच्या घडांचा हिशेब मांडायलाच नको. द्राक्षे खावीत ती द्राक्षे म्हणून, आणि इन्सुलिनची अडचण असेल तर एका बैठकीला अर्धा किलो खाऊ नयेत.

दालचिनीचे प्रमाण मात्र माणसाला झेपणारे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ४५ स्त्रियांना सहा महिने रोज दीड ग्रॅम दालचिनी किंवा नुसत्याच कोऱ्या कॅप्सूल दिल्या. दालचिनी घेणाऱ्यांच्या पाळ्या जास्त नियमित झाल्या. पण शेवटपर्यंत टिकल्या १७ जणी, आणि इन्सुलिन किंवा पुरुषी संप्रेरकांत फरक दिसला नाही. मग पाळी सुधारली ती कशाने? किराणा दुकानात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते. तिच्यातले कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला सोसत नाही. चिमूटभर चहात घालायला हरकत नाही, महिनोन्‌महिने चमच्याने खायला आहे. मेथीच्या अर्काचा अभ्यास तर आपल्याच देशातला: ५० स्त्रिया, ९० दिवस, निकाल उत्साहवर्धक. तुलनेला दुसरा गटच नव्हता. पीसीओएसमध्ये पाळी आपोआपही मागेपुढे होते, त्यामुळे तुलनेशिवायच्या अभ्यासातून काहीही सिद्ध होत नाही.

जवस आणि सोयाबीन या दोघांकडे मात्र मी जरा थांबतो. जवसाची चटणी मराठवाड्याच्या ताटाची हक्काची. त्यातल्या लिग्नानमुळे पुरुषी संप्रेरक उतरतात, असे सांगताना जो निबंध वारंवार पुढे केला जातो, तो २००७ सालचा आहे आणि त्यात रुग्ण आहे एक. अक्षरशः एक बाई. तिने चार महिने रोज ३० ग्रॅम जवस खाल्ले, तिची संप्रेरके उतरली. नंतर काही छोटे अभ्यास झाले, पण पाया इतका बारीक. तरी जवसाला एक गोष्ट अनुकूल आहे: ३० ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे पूड, ही मात्रा घरात शक्य आहे. अट एवढीच, की ते भाजून कुटलेले हवे. अख्खे जवस पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. सोयाबीनचे तर आश्चर्य वाटावे. इराणमध्ये ७० स्त्रियांना बारा आठवडे सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन रोज ५० मिलिग्रॅम दिल्यावर इन्सुलिन, टेस्टोस्टेरॉन आणि ताणाच्या खुणा सुधारल्या. एवढे आयसोफ्लेवोन साधारण मूठभर सोयाबीनमध्ये मिळते. खरिपात हा जिल्हा सोयाबीनने हिरवा होतो, दिवाळीच्या आसपास पोती अडत्याकडे जातात, आणि स्वयंपाकघरात येते ते फक्त तेल. तेलात आयसोफ्लेवोन नसते, ते पेंडीत जाते, आणि पेंड कोंबड्यांना.

पाळी सुधारणे आणि मूल होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवस राहण्याबाबतचा पुरावा आणखी विरळ आहे. इजिप्तमधल्या एका प्रयोगात बीज फुटावे म्हणून दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळीला दाद न देणाऱ्या १०१ स्त्रियांपैकी निम्म्यांना गोळीबरोबर कोएन्झाइम क्यू-१० दिले. त्यांच्या ६५.९ टक्के आवर्तनांत बीज फुटले, दुसऱ्या गटात १५.५ टक्क्यांतच. एवढा मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो, आणि म्हणूनच तो दुसरीकडे, मोठ्या संख्येत पुन्हा दिसल्याशिवाय त्यावर विसंबू नये. अशा सगळ्या विखुरलेल्या प्रयोगांची छाननी कोक्रेन ही संस्था करते. २०२० साली तिने ६३ प्रयोग आणि ७७६० स्त्रियांची माहिती तपासली. अँटिऑक्सिडंट न घेता १०० पैकी १९ जणींना मूल होत असेल, तर घेतल्यावर ते २४ ते ३६ जणींना होऊ शकेल, असा अंदाज निघाला. वाचून आशा वाटते. पण त्याच अहवालात पुढे लिहिले आहे, की पुरावा हलक्या दर्जाचा आहे आणि कच्चे प्रयोग बाजूला काढले की फायदा खात्रीने दिसत नाही. जाहिरातीत पहिले वाक्य येते, दुसरे येत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते उलट्या बाजूचे प्रयोग. २०११ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांच्या अंडाशयाभोवती अँटिऑक्सिडंट सोडले, तेव्हा बीज फुटण्याचे प्रमाणच घटले. म्हणजे ज्या आक्रमक रेणूंना आपण खलनायक ठरवले, बीजकोशिका फुटायला तेच थोडे लागतात. दुसरा प्रयोग जर्मनीतला, २००९ सालचा. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना वर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचे इन्सुलिन सुधारले, गोळ्या घेणाऱ्यांचे सुधारले नाही. व्यायामात स्नायूंवर पडणारा ऑक्सिडेटिव्ह ताण हाच शरीराला सुधारण्याचा इशारा असतो, आणि गोळीने तो पुसला जातो. पीसीओएसवरचा पहिला उपचार चालणे, पळणे, वजन ५ टक्क्यांनी जरी उतरवणे हा आहे. रोज सकाळी पाच किलोमीटर चालून घरी आल्यावर मूठभर जीवनसत्त्वे गिळणारी मुलगी आपल्याच घामावर पाणी ओतते आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पुरुषांचा विषय थोडक्यात आटोपता येईल, कारण निकाल स्पष्ट आहेत. अमेरिकेत १७४ जोडप्यांतल्या नवऱ्यांना क, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक ॲसिड, लायकोपीन हे सगळे एकत्र दिले. शुक्राणू सुधारले नाहीत. मूल झालेल्यांचे प्रमाण गोळीवाल्यांत १५ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २४ टक्के निघाले. २३७० जोडप्यांवरच्या झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या प्रयोगातही काही हाती लागले नाही, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. पण आपल्याकडे अडचण निराळीच असते. लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेची सोनोग्राफी होते, तिचे रक्त तपासले जाते, तुळजाभवानीला नवस बोलला जातो, येरमाळ्याच्या येडाईची वारी होते, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी राहून जाते. सगळ्यात स्वस्त तपासणी ती.

आता धाराशिवकडे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे आहेत, त्यांतला हा एक. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या साथीने इथे 'महाराष्ट्र ॲनिमिया स्टडी' झाला. २०१४-१५ मध्ये जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १३ ते १७ वर्षांच्या १०१० मुलींचे रक्त तपासले. ८७ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघाले. हा आकडा अँटिऑक्सिडंटच्या चर्चेत कोणी आणत नाही, आणि आणायला हवा. कारण ग्रीन टी आणि तिच्यासारख्या अर्कांतली पॉलिफेनॉल जेवणातल्या लोहाला आतड्यातच अडवतात. कर्क्युमिनही लोहाला धरून ठेवते. दुसरीकडे लिंबातले, आवळ्यातले क जीवनसत्त्व हेही अँटिऑक्सिडंटच, पण ते भाकरीतले लोह रक्तात जायला मदत करते. एकाच नावाखाली दोन उलट्या कामाच्या वस्तू. जिची मूळ तक्रारच रक्त कमी असण्याची आहे, तिला जेवणाबरोबर ग्रीन टीची पुडी देणे म्हणजे अपकार. तिला दिवसाला लिंबाची फोड, शेवग्याची भाजी आणि लोहाची सरकारी गोळी, एवढे आधी मिळू दे.

पाळीच्या तक्रारीला या पट्ट्यात आणखी एक, भयंकर उत्तर दिले गेले आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. धाराशिवच्या कळंब, वाशी, भूममधूनही ऊसतोडीला टोळ्या जातातच. त्या सगळ्यांना पीसीओएस होता असे कोणी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग होता, फायब्रॉइड होते, मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने खाड्याची धास्ती होती. पण महिनोन्‌महिने पाळी न येणे आणि मग एकदम अंगावरून खूप जाणे ही पीसीओएसची ठरलेली तऱ्हा आहे, आणि तिच्यावर गोळ्यांनी उपाय होतो. तीन-तीन महिने पाळी नसेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, ते धोक्याचे असते. त्या काळात काढा किंवा पावडर घेत वाट पाहणे हीही चूकच, आणि पिशवी काढून टाकणे ही तर फारच मोठी.

मूल हवे असेल तर आज सर्वांत भक्कम पुरावा लेट्रोझोल या गोळीच्या बाजूने आहे. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्क्यांना. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ती पहिल्या पसंतीची गोळी आहे. गंमत अशी, की या उपयोगासाठी भारताने तिच्यावर २०११ मध्ये बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. म्हणजे ज्या वर्षांत जगाने तिची परीक्षा घेतली, त्या वर्षांत आपल्याकडे ती लिहून द्यायला मनाई होती, आणि पुड्यांवर कसलीच मनाई नव्हती. इनोसिटॉलबाबत हीच मार्गदर्शिका एवढेच म्हणते, की अपाय कमी दिसतो आणि फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. स्त्रीने ते घ्यायचे ठरवले तर हरकत नाही. मी स्वतः या मताशी सहमत आहे, फक्त किंमत लक्षात घेऊन. महिन्याच्या पुड्यांच्या पैशांत लेट्रोझोलचे आवर्तन आणि बीज फुटले की नाही ते पाहणारी सोनोग्राफी यांचा बराच खर्च निघतो.

धाराशिवच्या जेवणातले खरे बदल तर वेगळेच आहेत. मालदांडी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, कारळ्या-जवसाची चटणी, करडईचे तेल हे इथले जुने ताट. करडईत ई जीवनसत्त्व भरपूर, ज्वारीत पॉलिफेनॉल, डाळीत तंतू. आता रेशनचा गहू-तांदूळ, पिशवीतले तेल आणि दिवसातून चारदा साखरेचा चहा. गोन्झालेझ यांनी ग्लुकोज पाजून जे पाहिले, ते इथे बस स्टँडवरच्या टपरीवर रोज घडते. जुने ताट औषध होते असा माझा दावा नाही. त्या ताटावर वाढलेल्या बायाही अशक्त होत्याच. पण साखरेने उठणारा ताण साखर कमी करून शमवावा, वरून गोळी टाकून नव्हे, एवढे सरळ शास्त्र आहे.

जिल्ह्यात २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालय त्याच्या आधीपासून. शतावरी, मेथी, जवस यांबद्दल एकाकडे जुने अनुभव आहेत, दुसऱ्याकडे संप्रेरके मोजण्याची सोय होऊ शकते. दोघांनी मिळून एक साधा प्रयोग करावा. पीसीओएसचे निदान झालेल्या दोनशे स्त्रिया, निम्म्यांना रोज ३० ग्रॅम भाजून कुटलेले जवस, निम्म्यांना तेवढीच शेंगदाण्याची चटणी. दोन्ही गटांना चालण्याचा आणि साखर तोडण्याचा तोच सल्ला. सहा महिने पाळीची तारीख आशाताईंच्या वहीत, सुरुवातीला आणि शेवटी हिमोग्लोबिन, इन्सुलिन, टेस्टोस्टेरॉन. कोणाच्या हातात काय आहे हे तपासणाऱ्याला कळू द्यायचे नाही. निकाल काहीही लागला, तरी छापायचा.